उतारवयातला जोर



गेल्या अंकात या सदरातून बँक खात्यांवरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर अनेक वाचकांचे दूरध्वनी आले. काहींनी तर त्याच आठवड्यात बँकेत जाऊन अर्ज भरल्याचे आवर्जून कळविले. त्यांचे आभार. आज ज्या खात्याविषयी लिहावयाचे आहे, त्याचे पासबुक कोणतीही बँक देत नाही आणि त्यातील शिल्लक संपत आल्याचे आपल्याला बहुधा चारचौघांतच कळते. मला तरी तसेच कळले.

दीड वर्षापूर्वी नात्यातील एका वास्तूच्या जेवणाला गेलो होतो. यजमानांनी हौसेने जुन्या पद्धतीची पंगत मांडली होती. पाट, ताटाभोवती रांगोळी, आग्रहाचे वाढप, सारे काही यथास्थित. तासभर मांडी घालून बसलो. उठावयाची वेळ आली तेव्हा एक हात जमिनीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि जोर लावला. पण शरीर पाटावरून चार बोटेदेखील हलेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी तेच. शेवटी वाढपाच्या कामात असलेल्या दोन मुलांनी काखेत हात घालून मला उभे केले. "आजोबा, पायाला मुंग्या आल्या का?" असे त्यातील एकाने विचारले. मी "हो" म्हणालो. मुंग्या वगैरे काही आलेल्या नव्हत्या. त्यानंतर घर पाहावयास म्हणून मंडळी गच्चीवर निघाली, तेव्हा दुसऱ्या जिन्याच्या वळणावर मी खिशातून भ्रमणध्वनी काढून उगाच संदेश वाचीत उभा राहिलो. दम लागला होता आणि तो कोणाला दिसू नये अशी इच्छा होती. वय वर्षे सहासष्ट.

घरी कोणाला न सांगता डॉक्टरांकडे गेलो. हृदयाचा आलेख, छातीचा फोटो, पट्ट्यावर चालवून घेतात ती चाचणी, रक्त, सारे झाले. अहवाल नीट आले. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला काही झालेले नाही, फुप्फुसेही ठीक आहेत. तुमचे स्नायू गेले आहेत." मी म्हणालो, "मी रोज सकाळी अर्धा तास चालतो." त्यावर ते म्हणाले, "चालणे सोडू नका. पण चालताना तुमच्या दंडांना, छातीला, पाठीला कोणते काम पडते?" मला उत्तर देता आले नाही. तिशीनंतरच माणसाचे स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वेगाने होते, हे त्यांनी समजावून सांगितले. दुर्बल स्नायूंना तेच काम करावयास अधिक कष्ट पडतात आणि कष्ट वाढले की श्वासही वाढतो. म्हणजे जिन्यात लागणाऱ्या माझ्या दमाचे मूळ फुप्फुसांत नव्हते, मांड्यांत आणि पाठीत होते.

हे ऐकून मला माझेच हसू आले. बँकेच्या नोकरीत ऐन उमेदीची काही वर्षे मी सांगलीच्या बाजारात तारण मालाची तपासणी केली आहे. हळदीच्या पोत्यांच्या छतापर्यंत गेलेल्या थप्प्या, त्यांवर चढून वरच्या थरातील पोती मोजायची, बाजूने उतरून मागची रांग पाहायची, असे एका दुपारी तीन-तीन गोदामे होत. हरिपूरच्या पेवांतील हळदीची तपासणी तर निराळीच! तो तरुण अधिकारी आणि काखेत हात घालून उठवावा लागलेला हा म्हातारा यांच्यामध्ये पंचवीस वर्षांची खुर्ची आहे. व्यापारी वाचकांनी खुर्चीच्या जागी गादी असे वाचावे.

डॉक्टरांनी शक्तीचा काहीतरी व्यायाम करा असे सांगितले खरे; पण कोणता? नातवंडांच्या व्यायामशाळेत एकदा डोकावून आलो. तेथील आरसे, कर्कश संगीत आणि वर्षभराच्या शुल्काची पाटी पाहून परतलो. मग दोन-तीन महिने काहीच केले नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच होते, म्हणून हेही नमूद करून ठेवतो.

पुढे जे घडले ते निव्वळ हिशेबाच्या निमित्ताने घडले. आमच्या भागात एक जुनी तालीम आहे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावयाचा तिचा ताळेबंद दोन वर्षे रखडला होता. निवृत्त बँकवाला म्हणून ते काम माझ्याकडे आले. तालमीचे वस्ताद सकाळीच भेटत, त्यामुळे मीही सहा वाजता वह्या घेऊन तेथे बसू लागलो. खर्चाच्या पावत्या मोठ्या वाचनीय होत्या. हौद्यातील तांबड्या मातीत घालावयाचे तेल, ताक, लिंबू आणि हळद! हळदीच्या रकान्यात दरवर्षी "देणगी" असे लिहिलेले होते आणि देणगीदाराचे नाव पाहिले तर आमचे थोरले बंधू अण्णा, म्हणजे आमच्याच घरची अडत पेढी. वडिलांच्या काळापासून ही हळद तालमीत जाते, हे मला ठाऊकच नव्हते. आमच्या घराण्याचा आणि व्यायामाचा आजवरचा संबंध तेवढाच.

वस्ताद सत्तरी ओलांडलेले. अंगाने किडकिडीत, बोलणे मृदू. मुलांना कुस्तीचे धडे देऊन झाले की ते कोपऱ्यातील फरशीवर दोन लाकडी ठोकळे ठेवीत आणि जोर काढीत. उत्तरेकडे ज्याला दंड म्हणतात त्यालाच आपल्या तालमींत जोर म्हणतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. माझी अशी समजूत होती की जोर म्हणजे पहिलवानांनी घामाघूम होऊन शेकड्याने काढावयाचा प्रकार. वस्तादांचे जोर तसे नव्हते. ते अतिशय संथ होते. कंबर उंच, मान खाली, मग एखादी लाट खालून निघून वर यावी तसे शरीर पुढे सरके, छाती उंचावे, क्षणभर थांबून पुन्हा मागे जाई. पंचवीस झाले की ते उठत आणि तत्क्षणी माझ्याशी पावत्यांविषयी बोलू लागत. बोलण्यात धाप नाही, वाक्य तुटत नाही. मी वह्या मिटून त्यांच्याकडे पाहत राहिलो.

"वस्ताद, तुम्हाला दम कसा लागत नाही?"

"साहेब, श्वास संपायच्या आत मी जोर संपवत नाही आणि जोर संपायच्या आत श्वास संपू देत नाही."

मला काही उमगले नाही. तेव्हा त्यांनी ते करून दाखविले. एक जोर म्हणजे एक श्वास. कंबर उंच असताना श्वास पूर्ण बाहेर गेलेला असतो. छाती खाली नेऊन पुढे सरकवीत वर आणेपर्यंत नाकाने श्वास आत घ्यावयाचा. तो भरत आला की छाती उंच, दृष्टी समोर. मग हात सरळ ठेवूनच कंबर मागे व वर न्यायची आणि तेवढ्या वेळात श्वास सावकाश सोडावयाचा. शरीर श्वासाच्या पुढे धावता कामा नये. तोंड उघडले की मोजणी बंद. मग आकडा तीन असो की तीस.

"मला जमेल का?" असे मी विचारले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि फरशीकडे बोट न करता भिंतीकडे केले.

मी भिंतीपासून दीड हातावर उभा राहिलो, तळवे खांद्यांच्या उंचीवर भिंतीला टेकले. कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यायची, श्वास घेत छाती किंचित वर काढायची आणि श्वास सोडीत कंबर मागे ढकलून हात ताणायचे. असे पाच. समोर कुस्तीची मुले बसली होती. लाज वाटली, हे खरे. पण त्यांच्यातील एकही हसला नाही. तालमीत नवशिक्याला हसण्याची रीत नाही, असे नंतर समजले.

तीन आठवडे भिंत झाली. मग घरच्या स्वयंपाकघरातील ओटा. पहाटे साडेपाचला, चहाचे आधण चढण्यापूर्वी, ओट्याच्या कडेला हात टेकून माझे जोर चालत. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी घाबरून "छातीत दुखतंय का?" असे विचारले आणि चौथ्या दिवशी "ओटा पुसलाय, हात धुऊन लावा" असे बजावले. ओट्यानंतर पलंगाची कड, पलंगानंतर चौरंग आणि आठव्या महिन्यात जमीन. जमिनीवर पहिल्या दिवशी दोनच झाले. त्या दोहोंचा मला जो आनंद झाला, तो पदोन्नतीच्या पत्रानेही झाला नव्हता.

ही चढती पायरी उगाच नाही. हात-पाय जमिनीवर टेकून सरळ दंड काढताना शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. हात दोनएक फूट उंचीवर टेकले तर तो चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि भिंतीशी उभ्याने तर फारच थोडा उरतो. माझे वजन बहात्तर किलो. म्हणजे जमिनीवर मी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलो पेलतो. बाजारातील वाचकांना सांगावयाचे तर जवळजवळ एक पोते. ज्या गृहस्थाला पाटावरून उठता येत नव्हते, त्याच्या हाती पहिल्याच दिवशी पोते दिले असते तर काय झाले असते? जोरात कंबर मागे-पुढे जात असल्याने हा भार सतत बदलतो आणि क्षणाक्षणाला वेगळा स्नायू कामाला लागतो. पुढे सरकताना दंड व छाती, वर येताना पाठ, मागे जाताना खांदे, पोट आणि मांड्यांच्या मागच्या शिरा. साधनांचा खर्च शून्य, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

श्वासाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा आत घेतो. पूर्ण भरून पूर्ण सोडला तर निरोगी प्रौढ पुरुषाचा श्वास चारएक लिटरांपर्यंत जाऊ शकतो. वयोमानाने तो कमी होतो. गादीवर पोट दुमडून दहा तास बसणाऱ्याचे श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधील घुमटासारखा स्नायू, पूर्ण खाली उतरतच नाही. जोरात छाती उंचावली की बरगड्या पुढून उघडतात. कंबर उंच होऊन डोके खाली गेले की पोटातील अवयवांचे वजन त्या घुमटावर येते आणि श्वास बाहेर टाकण्यास साहाय्य होते. योगाभ्यासी वाचकांच्या एव्हाना लक्षात आले असेल की यातील पहिली स्थिती भुजंगासनाच्या जवळची आहे आणि दुसरी पर्वतासनासारखी. दोन आसने एका श्वासाने जोडली की जोर झाला. सूर्यनमस्कारातही हीच जोडी मधोमध बसलेली आहे.

सूर्यनमस्काराचे नाव निघाल्यावर औंध आठवणारच. शाळेत असताना आमची सहल औंधला गेली होती. यमाईचा डोंगर आणि राजेसाहेबांचे चित्रसंग्रहालय पाहिले होते. त्या वेळी मला चित्रांपेक्षा शिदोरीत अधिक रस होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले आणि १९३८ साली लंडनहून त्यांचे 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ' हे पुस्तकही प्रसिद्ध झाले. दहा स्थितींचा त्यांचा नमस्कार, म्हणून ते नाव. उद्योजक वाचकांसाठी एक आठवण: लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी माळरान देणारे औंधकर ते हेच. किर्लोस्करवाडी तेथेच उभी राहिली. नांगर आणि नमस्कार यांना एकाच राजाने जागा द्यावी, हे मला फार आवडते.

तालीम आणि योग ही दोन वेगळी घरे आहेत, असे मला पूर्वी वाटे. एक मातीचे, दुसरे ध्यानाचे. पण लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांचे चरित्र पाहिले तर हा भेद टिकत नाही. त्यांनी बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिराच्या प्राध्यापक माणिकरावांकडे शरीरशिक्षणाचे धडे घेतले आणि योगविद्या माळसरच्या माधवदास महाराजांकडे. पुढे त्यांनीच आसने व प्राणायाम यांची क्ष-किरणे आणि दाबमापक यंत्रे लावून तपासणी केली आणि ती 'योगमीमांसा' या आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आखाड्यातून नमस्कार आले की नमस्कारातून जोर निघाला, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. आमच्या वस्तादांनी कुवलयानंदांचे पुस्तक पाहिलेले नाही. पण "श्वास चुकला की मोजणी बंद" हा त्यांचा नियम मला कोणत्याही ग्रंथाइतकाच मोलाचा वाटतो.

माझ्या चुका सांगितल्या नाहीत तर हिशेब अपुरा राहील. ओट्यावर असताना एकदा मी आकडा वाढविण्याच्या भरात श्वास रोखून एका दमात आठ जोर काढले. आठव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ओट्यालाच धरून खाली बसलो. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. साठीनंतर ही चैन परवडणारी नाही. दुसरी चूक मनगटांची. पलंगाची कड सोडून फार लवकर जमिनीवर उतरलो, मनगटे दुखू लागली, पंधरा दिवस सारे बंद ठेवावे लागले. पुढे वस्तादांनी ठोकळे दिले. त्यांवर मूठ वळून हात टेकला की मनगट सरळ राहते. तिसरी चूक म्हणजे छाती वर आणताना कमरेतून लोंबकळणे. पोट किंचित आत धरले आणि छाती थोडी कमी उंचावली तरी चालते. पण कमरेवर भार येता कामा नये.

ज्यांचा रक्तदाब औषधाने आटोक्यात आलेला नाही, ज्यांना काचबिंदू आहे, हर्निया आहे, नुकतीच डोळ्याची अथवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यांनी डोके खाली जाईल असे काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मी स्वतः ओट्यापासून पुढची प्रत्येक पायरी डॉक्टरांना विचारूनच चढलो. पोट रिकामे असावे, हे ओघाने आलेच.

आता दीड वर्षाचा जमाखर्च. माझे जमिनीवरील जोर बारापर्यंत येतात. तेराव्याला तोंड उघडते आणि मी थांबतो. सोबत खुर्चीवरून हात न लावता उठण्याच्या बैठका वीस. जिन्याच्या वळणावर संदेश वाचावे लागत नाहीत. फुप्फुसे काही नवी झालेली नाहीत, डॉक्टरांनी तसे स्पष्टच सांगितले. तेच काम करावयास शरीराला आता हवा कमी लागते, एवढेच. पाटावरून मी एक हात टेकून उठतो. कोणताही हात न टेकता उठणे अद्याप साधलेले नाही.

एवढे हाती लागल्यावर ते अण्णांना सांगावे, असे मला वाटणे स्वाभाविक होते. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. पन्नासहून अधिक वर्षे गादीवर. आजही सकाळी नऊला दुकान उघडतात आणि सौद्याच्या वेळी हळद नुसती नखाने खरवडून तिची प्रत सांगतात. मी भीत भीत विषय काढला. ते म्हणाले, "तुझं ठीक आहे, तू रिकामा आहेस. आपल्या घरात पोती उचलायला माणसं आहेत. मालकावर पोतं उचलायची पाळी आली की पेढी बुडाली समजावं."

हे उत्तर केवळ अण्णांचे नाही. अंगमेहनत म्हणजे कमीपणा, ही भावना आपल्या व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. ज्याला बसून राहता येते तो मोठा. मी त्यांना म्हणालो की व्यायाम आणि हमाली या गोष्टी एक नव्हेत. पूर्वी शंभर किलोची पोती असत, आता पन्नासची आली. तरीही आपल्याच बाजारातील किती हमालांचे गुडघे आणि पाठी पन्नाशीत गेल्या, हे तुम्ही पाहिले आहे. त्या ओझ्याला श्वासाची सवड नसते, विश्रांती नसते, आज नको म्हणण्याची मुभा नसते. १९६९ साली माथाडींचा कायदा झाला तो उगाच नाही. श्रमाने त्यांचे शरीर झिजले आणि श्रमाच्या अभावाने आपले. अण्णांनी ऐकून घेतले, चोपडी उघडली आणि चष्मा चढविला. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊला त्यांचा दूरध्वनी आला. "एकटाच ये," एवढेच म्हणाले. दुकानात गेलो तर गादीवर बसले होते, सदरा मळलेला, कोपर खरचटलेले. पुतण्या सात वाजता घरी गेल्यावर ते एकटेच होते. चोपडी गादीखाली घसरली, ती घ्यावयास वाकले आणि खाली कलंडले. लागले फारसे नाही. पण उठता येईना. गादीची कड हाताला येत होती, तिच्यावर शरीर ओढून घेण्याइतकी शक्ती दंडांत नव्हती. दूरध्वनी वर गल्ल्यावर. सुमारे वीस मिनिटे ते हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्यांमध्ये पडून होते. मग राखणदार दिवा चालू दिसला म्हणून डोकावला. "घरी बोलू नकोस," ते म्हणाले. मी बोललो नाही. आज येथे लिहितो आहे ते त्यांच्या परवानगीने. मजकूर त्यांना वाचून दाखविला, तेव्हा "वीस नव्हे, पंधरा मिनिटं" अशी दुरुस्ती त्यांनी सुचविली. मी ती केलेली नाही.

त्या रात्री मी व्यायामाचे नावही काढले नाही. आठ दिवसांनी त्यांनीच विचारले, "तो तुझा भिंतीचा प्रकार काय आहे?" डॉक्टरांना दाखवून आणले, रक्तदाबाची गोळी बदलून मिळाली, तो स्थिरावेपर्यंत महिनाभर थांबलो. मग सुरुवात झाली. भिंतीशी तीन.

आता ते भिंतीवरून तिजोरीवर आले आहेत. दुकानातील आजोबांच्या वेळची लोखंडी तिजोरी कमरेहून थोडी उंच आहे आणि ती हलविण्यास सहा माणसे लागतात. तेव्हा घसरण्याचे भय नाही. बाजार उठला, हमाल गेले, दिवे मालवायचे राहिले की अण्णा टोपी काढून गादीवर ठेवतात, तिजोरीच्या कडेला हात टेकतात आणि मला मोजावयास सांगतात. मंगळवारी गेलो होतो. सहापर्यंत श्वास नाकाने चालला. सातव्याला तोंड उघडले आणि मी मोजणी थांबविली. ते मात्र न थांबता आठव्यापर्यंत गेले, वळून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आठ लिही."

मी म्हणालो, "अण्णा, सहा."

"तुम्ही बँकवाले सगळे असेच," असे पुटपुटत त्यांनी टोपी चढविली.